खानदेशची काळी आणि रशियाची काळी

युक्रेनपासून दक्षिण रशियामार्गे पश्चिम सैबेरियापर्यंत पसरलेल्या समशीतोष्ण कटिबंधातील गवताळ मैदानांवर जी गर्द काळी, भुसभुशीत आणि कित्येक ठिकाणी कमरेइतकी खोल माती आढळते, तिला चेर्नोझेम असे नाव आहे. आणि सातपुड्याच्या दक्षिणेस तापीच्या दोन्ही तीरांवर, रावेर-यावलपासून शिरपूर-शिंदखेड्यापर्यंत जी जमीन पसरली आहे तिला आमचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या काळी म्हणत आला आहे. एकीने युरोपला गहू पुरविला, दुसरीने मुंबईच्या व मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस पुरविला. दोघींचा रंग एक, दोघींची कीर्ती मोठी, दोघींच्या पोटात चुनखडी. तेव्हा यांचे कूळही एकच असावे असे जुन्या विद्वानांपैकी अनेकांना वाटले यात नवल नाही, आणि त्यामुळेच दख्खनच्या मातीला ‘उष्ण कटिबंधातील चेर्नोझेम’ म्हणण्याचा प्रघात शास्त्रीय ग्रंथांतून दीर्घकाळ टिकून राहिला. आज तो प्रघात मागे पडला आहे. तो का मागे पडला हे समजून घेतले, म्हणजे खानदेशच्या जमिनीचा खरा स्वभाव कळतो. आणि तो न कळल्यामुळे तिच्याशी आपण जो व्यवहार करतो, त्यात किती अन्याय होतो हेही ध्यानात येते.

माती हा खडकाचा नुसता चुरा नव्हे, तो निसर्गातील एक स्वतंत्र पदार्थ आहे, हा सिद्धांत प्रथम रशियाच्या काळ्या मातीवरच उभा राहिला. तेथील फ्री इकॉनॉमिक सोसायटी या संस्थेच्या आश्रयाने वासिली डोकुचायेव या भूशास्त्रज्ञाने १८७७ पासून पुढे काही वर्षे त्या मैदानांतून हजारो मैलांचा प्रवास केला, ठिकठिकाणी खड्डे खणून मातीचे उभे छेद पाहिले, आणि १८८३ साली आपला ‘रशियन चेर्नोझेम’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. मूळ खडक, हवामान, वनस्पती व प्राणी, भूमीचा चढउतार आणि काळ या पाच कारणांच्या संयोगातून माती जन्मास येते, आणि यांपैकी एक कारण बदलले तरी माती बदलते, हे त्याचे प्रतिपादन. आपल्याकडचे उदाहरण घेतले तर ते चटकन पटते. ज्या बेसाल्टपासून महाबळेश्वरच्या माथ्यावर तांबडा जांभा झाला, त्याच बेसाल्टपासून तापीच्या खोऱ्यात काळी झाली. खडक तोच, परंतु तेथील मुसळधार पावसाने चुना, मॅग्नेशियम आणि सिलिका धुऊन नेले व लोह-ॲल्युमिनियम तेवढे मागे ठेवले, आणि येथे वार्षिक सहाशे-सातशे मिलिमीटरांच्या पावसात ते सारे जागच्या जागी राहिले.

आता चेर्नोझेमची घडण पाहावी. तेथे मूळ द्रव्य बहुधा वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक, चुनायुक्त धुळीचे. तिच्यावर झाडे नाहीत, कमरेपर्यंत उंच गवत. झाड आपला पालापाचोळा जमिनीवर टाकते, तर गवताचा मोठा भाग जमिनीखालीच असतो आणि त्याच्या मुळ्यांचे दाट जाळे दरवर्षी काही अंशी मरून तेथेच कुजू लागते. पण हे कुजणे पुरे होत नाही. हिवाळ्यात माती गोठते, ऐन उन्हाळ्यात ती सुकते, आणि सूक्ष्म जंतूंना काम करण्यास वसंत व शरद यांचे थोडे आठवडेच मिळतात. त्यामुळे प्रतिवर्षी थोडे थोडे अर्धवट कुजलेले सेंद्रिय द्रव्य शिलकेत पडते, चुन्याशी संयोग पावून स्थिर होते, आणि हजारो वर्षांत त्याचा हातदोन हात जाडीचा काळा थर तयार होतो. त्या थरात ह्यूमसचे प्रमाण चार टक्क्यांपासून कित्येक ठिकाणी दहा टक्क्यांच्याही वर जाते. गांडुळे आणि बिळे करून राहणारे खारीसारखे प्राणी त्या मातीची सतत उलथापालथ करतात. छेदात खालच्या पिवळट थरात काळ्या मातीने भरलेली त्यांची जुनी बिळे गोल डागांसारखी दिसतात, आणि हे डाग चेर्नोझेमची ओळखच समजले जातात. त्या मातीचा पोत दाणेदार. ओली असताना ती पायाला फारशी चिकटत नाही आणि वाळल्यावर दगडासारखी होत नाही. अमेरिकेतील वर्गीकरणात तिला आणि तिच्या सर्व सजातीय मातींना मॉलिसोल या गणात घातले आहे, तर जागतिक वर्गीकरणात सर्वांत काळी ती चेर्नोझेम, अधिक कोरड्या प्रदेशातील तपकिरी ती कास्टानोझेम आणि अधिक ओलसर प्रदेशातील, चुना धुऊन गेलेली ती फिओझेम, असे तिचे तीन भाग केलेले आहेत.

तिच्या काळेपणाचे कारण उघड आहे: काळेपण ह्यूमसचे, आणि ह्यूमस थंडीच्या कृपेने टिकलेले.

खानदेशात थंडीची ही कृपा नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, जमिनीचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी अधिक तापतो, आणि पहिल्या पावसाबरोबर जंतूंचे काम अशा वेगाने सुरू होते की शेणखत घालावे तर ते दोन-तीन हंगामांत खपून जाते. म्हणूनच या काळ्याभोर मातीचे पृथक्करण केले असता सेंद्रिय कर्ब एक टक्क्याच्या आतच, पुष्कळदा अर्ध्या टक्क्याच्या आसपासच भरतो. मग हा रंग कशाचा? या प्रश्नाने भूशास्त्रज्ञांना पाऊणशे वर्षे तरी छळले. कोणी तो बेसाल्टमधील टायटॅनियमयुक्त लोहखनिजाचा म्हटला, कोणी ही माती प्राचीन सरोवरांच्या तळाचा गाळ आहे असे म्हटले, तर कोणी येथे पूर्वी घनदाट अरण्ये होती आणि त्यांच्या कुजण्याने ती काळी झाली असे अनुमान केले. आज सर्वसाधारणपणे मान्य झालेले उत्तर असे की सेंद्रिय द्रव्य येथेही आहे, परंतु थोडे आहे; ते थोडेसे द्रव्य या मातीतील विशिष्ट चिकणमातीच्या अतिसूक्ष्म कणांना इतके घट्ट व इतके पातळ लिंपले गेले आहे की अल्प असूनही ते सर्व मातीला रंगवून टाकते. काळेपणा हा येथे संपत्तीचे माप नव्हे. हे वाक्य मी मुद्दाम स्पष्ट लिहितो, कारण ‘काळी आहे, तिला खताची काय गरज’ असे उद्गार मी पुष्कळ वेळा ऐकले आहेत, आणि त्यांतून जमिनीचे झालेले नुकसान पाहून मला मनापासून वाईट वाटते.

खानदेशच्या काळीचे रहस्य तिच्या चिकणमातीत आहे. दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून थरांवर थर साचून झाला. उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगरांची रांग यांच्यामध्ये जो खोलगट पट्टा राहिला त्यातून तापी पश्चिमेकडे वाहते. चांगदेवजवळ तिला पूर्णा मिळते, पुढे वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई या नद्या दक्षिणेकडून आणि अनेर उत्तरेकडून येऊन मिळतात, आणि या साऱ्यांनी लक्षावधी वर्षे बेसाल्टच्या कुजण्यातून निघालेला बारीक गाळ या पट्ट्यात आणून भरला. म्हणून येथील भारी जमीन बव्हंशी जागच्या खडकाची नाही, ती वाहून आलेली आहे. आणि विहीर खणणारास काही भागांत शेकडो फुटांपर्यंत कातळ लागत नाही तो यामुळेच. या गाळात चिकणमातीचे प्रमाण निम्म्याहून अधिक, आणि तिच्यात प्राबल्य मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाचे. फ्रान्समधील ज्या गावाच्या नावावरून हे नाव पडले तेथेही ते पांढरट-गुलाबी दिसते. त्याचे महत्त्व रंगात नाही, घडणीत आहे. त्याचे कण पोथीच्या सुट्या पानांप्रमाणे एकावर एक रचलेल्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे असतात. पाणी मिळाले की ते पापुद्र्यांच्या मध्ये शिरून त्यांना दूर सारते आणि माती फुगते, पाणी गेले की पापुद्रे पुन्हा जवळ येऊन माती आकसते.

या फुगण्या-आकसण्यातूनच काळीचा सारा इतिहास लिहिला गेला आहे. माघ-फाल्गुनापासून तिला भेगा पडू लागतात. वैशाखात त्या इतक्या रुंदावतात की हाताचा पंजा सहज आत जावा आणि काठी घातली तर ती दोन-तीन हात खाली उतरावी. पृष्ठभागावरची भुरभुरीत माती, कचरा, बोटाएवढी ढेकळे या भेगांत पडत राहतात. पुढे मृगाचा पाऊस आला म्हणजे पाणी प्रथम भेगांवाटे सरळ तळाकडे जाते, खालची माती आधी फुगते, आणि भेगांत पडलेल्या जादा मातीमुळे तिला फुगण्यास जागा अपुरी पडते; तेव्हा आडव्या दाबाने मातीचे प्रचंड गोळे एकमेकांवरून तिरपे सरकतात. दोन पुरुष खोल खड्डा खणून कोणी त्याची भिंत नीट निरखली, तर कमरेखालच्या थरात तिरपे, घासून गुळगुळीत झालेले आणि तेल लावल्यासारखे चकाकणारे पृष्ठभाग त्याला दिसतील. ते या घर्षणाचे पुरावे होत. म्हणजे ज्या मिश्रणासाठी रशियात प्राण्यांना बिळे खणावी लागली, ते काम येथे पाणी आणि उन्हे आळीपाळीने करतात. काळी स्वतःच स्वतःला नांगरते, हे जुन्या माणसांचे म्हणणे शब्दशः खरे आहे.

याच स्वभावावरून अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणाच्या मसुद्यात या मातींचा स्वतंत्र गण केला आणि उलटणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून त्याला व्हर्टिसोल असे नाव दिले. १९७५ च्या सविस्तर ग्रंथात ते कायम झाले, आणि आता नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेने, जिची स्थापना १९७६ ची, काढलेल्या नकाशांतूनही तेच वापरले जाते. या गणात प्रवेश मिळण्यास तीन गोष्टींची साक्ष लागते: पृष्ठभागापासून खाली चिकणमाती किमान तीस टक्के, ठरावीक काळाने उघडणाऱ्या व मिटणाऱ्या भेगा, आणि वरच्या एका मीटरच्या आत ते चकाकणारे घासलेले पृष्ठभाग किंवा पाचरीच्या आकाराची ढेकळे. वर्षातून एकूण नव्वद किंवा अधिक दिवस भेगा उघड्या राहत असतील तर उपगण अस्टर्ट. खानदेशची भारी जमीन याच उपगणात मोडते, आणि तिच्यातील विशेष दोष नसलेल्या जमिनींना हॅप्लस्टर्ट म्हणतात.

येथे एक बारीक पण अर्थपूर्ण गोष्ट सांगितली पाहिजे. मॉलिसोलमध्ये येण्यासाठी वरचा थर गडद असावा, त्यात चुना-मॅग्नेशियमादी क्षारक भरपूर असावेत, आणि सेंद्रिय कर्ब निदान शून्य पूर्णांक सहा टक्के असावा, अशा ज्या मुख्य अटी आहेत, त्या तापीकाठच्या एखाद्या चांगल्या राखलेल्या शेतात पुऱ्या होणे मुळीच अशक्य नाही. तरीही ती माती मॉलिसोल ठरत नाही. कारण वर्गीकरणाची किल्ली क्रमाने वाचावयाची असते आणि त्या क्रमात व्हर्टिसोल आधी येतो. जिला भेगा व घासलेले पृष्ठभाग आहेत ती तेथेच थांबते, पुढे जाऊन तिचा काळेपणा तपासण्याचा प्रश्नच उरत नाही. शास्त्रज्ञांनी हा क्रम मोठ्या विचाराने लावला आहे. मातीच्या अंगात जी हालचाल चालू आहे ती तिच्या रंगापेक्षा, इतकेच नव्हे तर तिच्या ह्यूमसपेक्षाही, तिच्याविषयी अधिक सांगते, हा त्यामागचा निवाडा आहे आणि तो मला सर्वस्वी योग्य वाटतो.

परंतु सर्व खानदेश काळीचा नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी गोट्यांची भर, साक्रीकडे आणि अजिंठ्याच्या उतारावर मुरमाड व बरड, नदीकाठी मळईची पट्टी, मधल्या सखल भागात कोठे खारी तर कोठे चोपण. उतारावरच्या उथळ मातींना नवे वर्गीकरण एन्टिसोल व इन्सेप्टिसोल म्हणते. एकाच गावच्या शिवारात वरून खाली उतरत गेले तर तीन गण ओलांडता येतात. पूर्वीचे लोक हा फरक उत्तम जाणत असत. गावठाणाची पांढरी आणि लागवडीची काळी असा भेद मराठी दप्तरात कायम आढळतो, कारण फुगणाऱ्या जमिनीवर भिंत टिकत नाही हे घर बांधणाराला सांगावे लागत नसे. आजही पाया खणणारा गवंडी मुरूम लागेपर्यंत थांबत नाही.

सरकारदरबारी जमिनीची प्रत ठरविण्याचा जो पहिला पद्धतशीर उद्योग झाला, तो या संदर्भात अधिक लक्ष देण्यासारखा आहे. खानदेश १८१८ साली इंग्रजांच्या अमलाखाली गेला. प्रारंभीची जमाबंदी उत्पन्नाच्या अवाजवी अंदाजावर उभारलेली असल्याने मुंबई इलाख्यात रयत ठिकठिकाणी जमिनी टाकून गेली. तेव्हा गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५ च्या सुमारास इंदापुरापासून नवी मोजणी सुरू केली, आणि तिचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात निश्चित झाले. त्या नियमांप्रमाणे प्रतबंदी कामगार शेताचे काल्पनिक भाग पाडी, प्रत्येक भागात कुदळ मारून मातीची खोली हातांनी मोजी, आणि तिला नऊपैकी एका प्रतीत घाली. बारीक, एकसारख्या पोताची काळी किंवा गर्द तपकिरी माती पावणेदोन हात खोल असली तर ती सोळा आण्यांची. खोली पाव हाताने कमी झाली की चौदा आणे, आणखी पाव हाताने बारा. अशा उतरंडीने शेवटची नववी प्रत दोन आण्यांवर येई. चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ, उतार, पाण्याच्या लोंढ्याने वाहून जाण्याची भीती, जादा पाणी, असा एकेक दोष आढळला की एकेक प्रत खाली. यात रंग होता, पण मुख्य वजन खोलीला होते.

पावणेदोन हात म्हणजे सुमारे ऐंशी सेंटिमीटर. मॉन्टमोरिलोनाइटचा पत्ता त्या कामगाराला नव्हता. तरीही त्याने नेमकी तीच गोष्ट मोजली जिच्यावर खानदेशात पीक उभे राहते किंवा पडते, कारण खोली म्हणजे पाण्याचा साठा. मीटरभर खोल भारी काळी पिकाला घेता येईल असे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी पोटात ठेवते. तीच माती हातभर असली तर पोळ्यानंतर पंधरा दिवसांची उघडीप पिकाला सहन होत नाही. ही प्रतबंदी सुखासुखी झाली असे मात्र नाही. १८५२ साली सावदा-फैजपूर बाजूच्या रयतेने मोजणीविरुद्ध उठाव केला आणि तो शमविण्यास लष्कर आणावे लागले. आपली काळी कोणी परका मोजतो म्हणजे तिच्यावर नवा धारा बसणार, हे भय त्यामागे होते, आणि आधीच्या वर्षांचा अनुभव पाहता ते निराधार म्हणता येत नाही.

काळीच्या पोटातील या पाण्याच्या साठ्यावरच दादर पिकते. पावसाळा संपत आला असता भिजलेल्या काळीत पेरलेली ही खानदेशी ज्वारी, आणि तिच्या जोडीचा हरभरा, वरून थेंब न पडता केवळ खालच्या ओलीवर फाल्गुनापर्यंत तग धरून राहतात. पावसाळी पिकाला मात्र हीच जमीन कठोर असते. भेगा मिटल्या की पाणी मुरण्याचा वेग अत्यंत मंदावतो, शेतात पाणी साचते, मुळ्यांना हवा मिळत नाही. आणि काम करण्याजोगा वाफसा येतो तो दोन-चार दिवसांचा. त्याआधी औत घातले तर माती फाळाला चिकटते, त्यानंतर घातले तर ढेकळे निघतात. शेजारच्या हलक्या जमिनीवर पेरणी आटोपली तरी भारी जमिनीचा मालक बांधावर उभा असतो, यात त्याचा आळस नाही. रुंद वरंबे व सऱ्या काढून जादा पाणी बाहेर देण्याची जी पद्धत हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने या मातीसाठी विकसित केली, ती याच अडचणीवरचा उपाय आहे.

पाणी अतोनात दिले म्हणजे काय होते, हे सर्वांत गंभीर प्रकरण. कमी पावसाच्या प्रदेशात मातीतील विरघळलेला चुना हळूहळू चुनखडीच्या रूपाने खाली बसतो. मातीच्या पाण्यात कॅल्शियम घटते आणि सोडियम-मॅग्नेशियमचे वर्चस्व वाढते. सोडियम चढला की चिकणमातीचे कण सुटे होऊन छिद्रे बुजवितात, पाणी ना खाली जाते ना वर येते, आणि जमीन चोपण होते. पूर्णेच्या वरच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याकडे, हा विकार निसर्गतःच फार पसरलेला आहे. खानदेशात क्षारयुक्त विहिरीचे पाणी आणि निचऱ्याविना भरमसाट पाट यांनी तो माणसाच्या हाताने आणता येतो. म्हणून पांझरेच्या फड पद्धतीचा मी आदराने उल्लेख करतो. बंधाऱ्यावरून काढलेल्या पाटाखालची सर्व जमीन फडांत वाटलेली, एका फडात सर्वांचे एकच पीक, फडांची पाळी वर्षावर्षाला बदलणारी, आणि पाणी सोडण्याचा अधिकार पाटकऱ्याचा. या व्यवस्थेत कोणाही एकाला आपल्या शेतात वर्षभर पाणी उभे ठेवता येत नसे, आणि भारी जमिनीला मधूनमधून वाळण्याची जी गरज असते ती आपोआप भागे. ही व्यवस्था कोणी मृदाशास्त्र शिकून रचलेली नव्हती, पण तिच्यात या मातीची जाण स्पष्ट दिसते.

रावेर-यावलच्या केळीबागांची स्थिती निराळी. तेथील खोल, मध्यम-भारी गाळ निचऱ्याला बरा, आणि खाली पाण्याचा मोठा साठा. म्हणूनच केळीसारखे तहानलेले पीक तेथे रुजले आणि जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु बारमाही ओल ठेवल्याने त्या जमिनींना आता पूर्वीसारख्या भेगा पडत नाहीत, म्हणजे स्वतःला उलटण्याचे त्यांचे काम थांबते. सेंद्रिय द्रव्य वर्षभर उष्ण व ओलसर राहून अधिकच वेगाने खपते. आणि विहिरींची पातळी खोल खोल चालली आहे. ठिबकाने पाण्याचा खर्च कमी झाला हे निर्विवाद, पण मातीला जे परत द्यावयाचे ते ठिबकातून येत नाही. केळीचे खांब व पाने बांधावर जाळण्याऐवजी कुजवून त्याच बागेत पुरणे, गाव-तलावाचा गाळ हलक्या जमिनीवर नेणे, कपाशीनंतर एखादे द्विदल पीक घेणे, आणि पाचसहा वर्षांतून एकदा शेतात मीटरभर खड्डा खणून मातीचे सारे थर स्वतः पाहणे, एवढे तरी प्रत्येक भारी जमिनीच्या धन्याने करावे. पृष्ठभागावरची मूठभर माती पाकिटात घालून प्रयोगशाळेत धाडली म्हणजे तिच्यातील कर्ब व क्षार कळतात. चुनखडीचा थर किती खोल लागतो, मुळ्या कोठे अडतात आणि ओल कोठपर्यंत उतरते, हे त्या खड्ड्याच्या भिंतीवरच वाचावे लागते.